जगण्याचा अर्थ ज्याचा त्याचा: लिव्हिंग विल म्हणजे काय आणि त्यात काय लिहायचं

गोव्यात ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं. महाराष्ट्रातही अशा कागदांची प्रत सांभाळणारे अधिकारी नेमले गेले; मुंबईत हे काम महापालिकेच्या वॉर्डांतल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आलं. तेव्हापासून या विषयाच्या बातम्या अधूनमधून येत असतात. त्या वाचून बहुतेकांच्या मनात दोन समजुती राहतात: हे इच्छामरणाचं काहीतरी आहे, आणि वकिलाकडे जाऊन एक फॉर्म भरला की झालं. दोन्ही समजुती अर्धवट आहेत.

या कागदाच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे: कशामुळे माझं जगणं मला जगण्यासारखं वाटतं? त्याचं उत्तर माणसागणिक बदलतं. एरवी ही गप्पांची बाब, पण आयसीयूत शुद्ध हरपलेल्या माणसाच्या बाबतीत तिच्यावर निर्णय घ्यावा लागतो, आणि उत्तर देऊ शकणारा एकमेव माणूस तेव्हा बोलू शकत नसतो.

आधी शब्द समजून घेऊ

लिव्हिंग विल म्हणजे शुद्धीवर असताना लिहून ठेवलेली सूचना. पुढे मी बोलण्याच्या, समजण्याच्या अवस्थेत नसेन आणि आजार बरा होण्याची आशा उरली नसेल, तर माझ्यावर कोणते उपचार करायचे, कोणते नाहीत, आणि माझ्या वतीने कुणाशी बोलायचं, हे त्यात असतं. सर्वोच्च न्यायालयाने तिला अॅडव्हान्स मेडिकल डायरेक्टिव्ह असं नाव दिलं आहे. मालमत्तेचं मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. हा कागद माणूस जिवंत असताना लागू होतो. दोन्ही एकाच कागदावर लिहू नका, कारण मृत्युपत्र बहुधा नंतरच उघडलं जातं.

दुसरा शब्द जीवरक्षक उपचार. व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्तदाब टिकवून धरणारी औषधं, बंद पडलेलं हृदय छातीवर दाब देऊन सुरू करणं, हे त्यात येतं. असे उपचार सुरू न करणं किंवा थांबवणं, म्हणजे आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणं, हे ठरावीक अटींवर भारतात कायदेशीर आहे. इंजेक्शन देऊन जीव संपवणं हा गुन्हाच आहे आणि लिव्हिंग विलमध्ये लिहिलं तरी ते कुणी करणार नाही.

केईएममधली बेचाळीस वर्षं

हा प्रश्न भारतात ऐरणीवर आला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयातून. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला. गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या पुन्हा कधीच पूर्ण भानावर आल्या नाहीत. पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की हे जगणं नाही, अन्न देणं थांबवावं. केईएमच्या परिचारिका आणि डॉक्टर ठामपणे विरोधात उभे राहिले. त्यांच्या पिढ्या बदलल्या, तरी प्रत्येक पिढीने अरुणाताईंना आपलं मानून सांभाळलं होतं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर बेडसोर नव्हता, यावरून ती शुश्रूषा कशी असेल ते कळतं.

७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अर्ज फेटाळला. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं म्हटलं. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मात्र पहिल्यांदा उघडली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं.

या प्रकरणात विराणींना दिसलेली विटंबना खरी होती आणि परिचारिकांना दिसलेलं मोलही खरं होतं. दोघींच्याही हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. पण अरुणाताईंना स्वतःला काय हवं असतं, हे सांगणारा एक ओळीचा कागद नव्हता. तो असण्याची सोयच तेव्हा कायद्यात नव्हती. ती झाली ९ मार्च २०१८ रोजी. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो असं सांगितलं आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. त्यावेळची प्रक्रिया इतकी किचकट होती की ती जवळपास कागदावरच राहिली. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती बरीच सुटसुटीत झाली.

घरच्यांना तर माहीत असतं ना?

असं सगळ्यांनाच वाटतं. संशोधन वेगळं सांगतं. आजारी माणूस आणि त्याच्या वतीने निर्णय घेणारा नातेवाईक या दोघांना वेगवेगळं बसवून एकच काल्पनिक प्रसंग सांगायचा आणि कोणता उपचार हवा असेल ते विचारायचं, असे बरेच अभ्यास झाले. २००६ मध्ये त्यातल्या १६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. नातेवाइकांचा अंदाज बरोबर निघण्याचं प्रमाण ६८ टक्के होतं. म्हणजे जवळजवळ तीनातला एक निर्णय चुकला. रुग्णाने स्वतः निवडलेला नातेवाईकही यात सरस ठरला नाही आणि आधी बोलणं झालेलं असलं तरी आकडा सुधारला नाही. ‘मला मशीनवर ठेवू नका रे’ एवढं जेवताना म्हणून ठेवणं पुरत नाही, त्याचा हा पुरावा.

२००२ च्या एका अमेरिकी अभ्यासात गंभीर आजार असलेल्या, साठीपुढच्या २२६ जणांना विचारलं होतं. साध्या उपचाराने आजच्यासारखी तब्येत परत मिळणार असेल तर जवळपास सगळे, ९८.७ टक्के, तयार होते. उपचाराने जीव वाचेल पण शरीर फार परावलंबी होईल म्हटल्यावर त्यातल्या ७४.४ टक्क्यांनी नको म्हटलं. बुद्धी, ओळख जाईल म्हटल्यावर ८८.८ टक्क्यांनी. बहुमत कुठे आहे ते स्पष्ट आहे, पण मला यातला महत्त्वाचा भाग उरलेल्यांचा वाटतो. परावलंबी होऊनही जगायचं म्हणणारे चौघांत एक होते. सरासरी पाहून तुमच्या वडिलांबद्दल ठरवलं आणि ते त्या चौथ्यातले निघाले, तर?

‘अर्थ’ म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी

जगण्याचा अर्थ हा शब्द इतका मोठा आहे की त्याबद्दल विचारलं की माणूस गप्प होतो किंवा प्रवचन देतो. मानसशास्त्रज्ञांनी अलीकडे त्याचे तीन पदर वेगळे केले आहेत. पहिला, उमज: माझ्याभोवती काय चाललंय ते मला कळतंय, कालचा आणि आजचा मी एकच आहे. दुसरा, हेतू: मला काहीतरी करायचं आहे, कशाची तरी वाट पाहायची आहे. तिसरा, मोल: मी असण्याने कुणाला तरी फरक पडतो.

याची मोजणी कशी करतात तेही बघण्यासारखं आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि आज खूप वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीत दहा विधानं आहेत. पाच ‘अर्थ सापडला आहे का’ याबद्दल, पाच ‘शोध चालू आहे का’ याबद्दल. प्रत्येकाला १ ते ७ गुण. शिक्षण किती, नातवंडं किती, चालता येतं का, देव मानता का, यातलं काहीही विचारलेलं नाही. अर्थ कशातून मिळतो हा मजकूर कोरा सोडून, तो मिळतोय का एवढंच ज्याचं त्याला विचारायचं, यापलीकडे मोजणीचा भरवशाचा मार्ग नाही.

लिव्हिंग विल लिहिताना हे तीन पदर फार कामाला येतात. कुणाचा अर्थ उमजेवर उभा असतो: वाचता आलं नाही, माणसं ओळखता आली नाहीत, तर बाकी सगळं त्याच्यासाठी व्यर्थ. कुणाचा हेतूवर: दिवाळीत नातीचं लग्न आहे, तोवर कितीही सुया टोचा, पुढचं पुढे. तिसरी एखादी म्हणते, मला काही कळत नसलं तरी माझ्या उशाशी पोरं बसतात, त्यांना मी हवी आहे, तेवढं पुरे. तिन्ही उत्तरं सारखीच शहाणपणाची आहेत आणि तिन्हींवरून वैद्यकीय निर्णय तीन दिशांना जातात.

उपचारांची यादी लिहू नका, अट लिहा

बहुतेक कागद इथे फसतात. ‘मला व्हेंटिलेटर नको’ हे वाक्य घ्या. साध्या शस्त्रक्रियेतही भूल दिल्यावर श्वासासाठी यंत्र लागतं. न्यूमोनियात चार-पाच दिवस व्हेंटिलेटरवर राहून माणूस घरी येऊन गिरणीतून दळण आणायला लागतो. लिहिणाऱ्याच्या मनात हे नव्हतं. त्याच्या मनात होतं महिनोन्‌महिने बेशुद्ध पडून राहणं, पण कागदावर ते उतरलं नाही. आणि मजकूर संदिग्ध असेल तर डॉक्टर तो बाजूला ठेवू शकतात, असं २०१८ च्या निकालातच म्हटलं आहे.

रिक्षात बसल्यावर आपण कुठे जायचं ते सांगतो, प्रत्येक वळण सांगत नाही. एखादा रस्ता बंद असला तर चालक दुसरा काढतो. डॉक्टरांनाही मुक्काम सांगावा. एक नमुना:

‘मला जवळची माणसं ओळखता येत असतील, बोललेलं कळत असेल आणि खुणेने, डोळ्यांनी का होईना उत्तर देता येत असेल, किंवा हे परत येण्याची वाजवी आशा असेल, तोवर माझ्यावर सर्व उपचार करावेत. मला चालता आलं नाही, लघवीची नळी लागली, दुसऱ्याने भरवावं लागलं, तरी मला चालेल. पण माझा आजार बरा होणारा नाही आणि वरचं काहीही परत येण्याची आशा नाही असं वैद्यकीय मंडळांचं मत झालं, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि हृदय पुन्हा सुरू करण्याचे उपाय सुरू करू नयेत. सुरू असल्यास थांबवावेत. वेदना, धाप आणि तगमग कमी करणारी औषधं शेवटपर्यंत द्यावीत, त्याने गुंगी आली तरी.’

यातलं दुसरं वाक्य, ‘मला चालेल’चं, लोक विसरतात. काय सोसायची तयारी आहे हे लिहिलं नाही तर वाचणारा स्वतःची भीती तुमच्या नावावर घालतो.

नाकातल्या किंवा पोटातल्या नळीने अन्न देण्याबद्दल वेगळं वाक्य लिहा. उपाशी ठेवलं या विचाराने घरात भांडणं होऊ शकतात. शंका असेल तर मुदतही घालता येते: अमुक दिवस उपचार करून पाहावेत, सुधारणा दिसली नाही तर वरच्या अटीप्रमाणे वागावं. आणि ‘शेवटच्या श्वासापर्यंत शक्य ते सगळं करा’ अशी तुमची इच्छा असेल तर तीही लिहून ठेवा. कागद फक्त थांबवण्यासाठी असतो हा गैरसमज आहे.

कागदाची रीत

लिहिणारा सज्ञान आणि मानसिकदृष्ट्या सक्षम हवा, आणि हे स्वखुशीने केलेलं हवं. सही दोन साक्षीदारांसमोर करायची; ते शक्यतो त्रयस्थ असावेत. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे तो साक्षांकित करायचा. २०२३ पूर्वी इथे न्यायदंडाधिकारी लागत, आता लागत नाहीत. तुमच्या वतीने संमती देणाऱ्या पालकाचं (म्हणजे आईवडील नव्हे, तुम्ही नेमलेला ‘गार्डियन’) किंवा जवळच्या नातेवाइकाचं नाव त्यात हवं. एकापेक्षा जास्त नावं देता येतात. मुलगा परदेशी असेल तर इथे तासाभरात पोहोचेल असं एक नाव जरूर घाला.

सही झाली की एक प्रत त्या नेमलेल्या व्यक्तीला, एक फॅमिली डॉक्टर असतील तर त्यांना आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला द्यायची. ती घेतल्याची पोच मागून घ्या. डिजिटल आरोग्य नोंदीतही कागद जोडता येतो. मन बदललं तर कधीही लेखी बदल किंवा रद्द करता येतं. एकाहून जास्त कागद सापडले तर शेवटी सही केलेला धरतात. जुन्या प्रती त्याच दिवशी गोळा करून फाडा, म्हणजे घोळ होणार नाही.

वेळ आली की उपचार करणारे डॉक्टर कागद खरा असल्याची खात्री करतात. मग रुग्णालय पहिलं मंडळ नेमतं: ते डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले निदान दोन तज्ज्ञ. ते शक्यतो ४८ तासांत मत देतात. नंतर दुसरं मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले निदान दोन तज्ज्ञ, त्यांनाही शक्यतो ४८ तास. नेमलेल्या व्यक्तीची संमती घेतात आणि उपचार थांबवण्याआधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतात. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. कागदच नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने दोन मंडळांचा हाच मार्ग खुला असतो, पण मग निर्णयाचं ओझं सगळं त्यांच्या डोक्यावर.

आज एक वाटतं, उद्या दुसरं वाटलं तर?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. धडधाकट माणूस ज्या अवस्थेला मरणाहून वाईट म्हणतो, त्या अवस्थेत पोहोचलेला माणूस अनेकदा तसं म्हणत नाही. लॉक्ड-इन सिंड्रोममध्ये भान शाबूत असतं, पण जवळजवळ सगळं शरीर लुळं पडतं. बरेचजण फक्त डोळ्यांच्या हालचालीने बोलतात. २०११ मध्ये फ्रान्समधल्या अशा ६५ जणांची उत्तरं प्रसिद्ध झाली. ४७ जणांनी आपण सुखी असल्याचं सांगितलं, १८ जणांनी दुःखी. उत्तर न पाठवणाऱ्यांचं काय, हे यातून कळत नाही, हे खरं. पण बाहेरून पाहणाऱ्याचा अंदाज किती चुकू शकतो ते कळतं.

म्हणून अपंगत्वाबद्दल घाईने ‘तसं जगणं नको’ लिहू नये. अट शक्यतो भान आणि संवाद कायमचा जाण्यावर बांधावी. नुसत्या चालण्या-फिरण्यावर बांधायची तर फार विचार करून. भान असेपर्यंत तर कागद बंदच असतो: तुम्हाला समजतंय, सांगता येतंय, तोवर डॉक्टरांनी तुम्हालाच विचारायचं. डेंग्यू झाला, अपघात झाला, हार्ट अटॅक आला तर कागद दाखवून कुणी उपचार टाळू शकत नाही. मोठं आजारपण, जोडीदाराचा मृत्यू, घरात नवं मूल अशा प्रत्येक वळणानंतर तो पुन्हा वाचावा.

अर्थ ज्याचा त्याचा म्हटलं, तर निराश माणूस याचा आधार घेईल

नैराश्यात ‘कशातच अर्थ नाही’ असं वाटणं हे आजाराचं लक्षण असतं आणि त्यावर उपचार आहेत. लिव्हिंग विल तिथे लागूच होत नाही: बरा न होणारा आजार, गेलेली निर्णयक्षमता आणि दोन मंडळांची सहमती या अटी आहेत. स्वतःला किंवा घरात कुणाला असं वाटत असेल तर कागद बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलते.

म्हाताऱ्यांवर दबाव येईल

ही भीती खोटी नाही. ‘मुलांना ओझं नको’ म्हणून आयांनी सही करायची, हे आपल्याकडे सहज घडू शकतं. त्यासाठीच त्रयस्थ साक्षीदार हवेत आणि त्यांनी, नोटरीने हे स्वखुशीने, समजून केलं आहे याची खात्री करून घ्यायची असते. सही मागायला मुलगाच पुढे आला असेल तर डॉक्टरांनी आईशी एकटीशी बोलावं. पण कागद नसला तर दबाव नसतो, असंही नाही. बिल झेपेना की ‘डामा’ घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध लिहून देऊन, माणसाला घरी नेतात. तिथे ना मॉर्फीन असतं, ना धाप कमी करायला कुणी. त्या वाटेवर रुग्णाला कुणी काही विचारलेलं नसतं.

आपल्या संस्कृतीत हे बसत नाही

विनोबा भाव्यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर औषध आणि अन्नपाणी नाकारलं. १५ तारखेला ते गेले. त्यांना बोलता येत होतं, आणि नको म्हटलेलं ऐकणारी माणसं भोवती होती. आयसीयूतल्या माणसाकडे बहुधा दोन्ही नसतं. आणि ज्यांच्या श्रद्धेत शेवटपर्यंत झुंजणंच योग्य, त्यांनी तेच लिहावं. कायदा त्यात आडवा येत नाही.

बोलायला सुरुवात कुठून करायची

‘बाबा, तुम्ही गेल्यावर’ असं सुरू केलं की संभाषण तिथेच बुडतं. जवळच्या कुणाचं आजारपण झालं असेल तर त्यावरून विचारा: ‘काकांचं जे झालं, त्यात तुम्हाला काय पटलं, काय नाही?’ मग एकेक: दिवसभरात कुठली गोष्ट गेली तर सगळ्यात जास्त चुकल्यासारखं होईल? कुणी ओळखू येईनासं झालं तर? दुसऱ्याने अंघोळ घालणं चालेल का? थोडे दिवस मिळवण्यासाठी किती त्रास सोसायची तयारी आहे? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा, ‘मला रेडिओवर बातम्या कळल्या पाहिजेत’ असं म्हणाले तर तसंच. डॉक्टरांना ‘अर्थपूर्ण जीवन’ या शब्दांपेक्षा त्या रेडिओवरून जास्त समजतं.

सही झालेला कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रात्री अडीच वाजता लॉकर उघडत नाही. मूळ प्रत घरच्या औषधांच्या आणि जुन्या रिपोर्टच्या फाइलमध्ये वरच ठेवा, तिचा फोटो नेमलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये टाका आणि अॅडमिट होताना पहिल्याच दिवशी एक झेरॉक्स केस पेपरला लावायला सांगा.